बावखलातलं गोडं पाणी

निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल. वसईच्या या पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत पन्नास-साठ वर्षांपूर्वी गेलं असतं, तर केळीच्या आडोशाला एक पसरट, उथळ तळं दिसलं असतं. त्याला इथे बावखल म्हणतात. काठावर रहाट, कडेने नारळ आणि आत गोडं पाणी. समुद्र इतका जवळ, की वारा फिरला की ओठांवर खारट चव येते, आणि तरी बावखलातल्या पाण्यावर पानवेली चढत, मोगरा फुलत असे. या वाड्यांची सगळी हिरवाई त्या गोड्या पाण्यावर उभी होती.

ते पाणी गोडं कसं राहायचं, हे आधी समजून घेऊ. पावसाळ्यात बावखलात साठलेलं पाणी हळूहळू जमिनीत मुरतं. जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी असतंच. खारं पाणी जड आणि गोडं हलकं, म्हणून गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला बादोन गायबेन आणि हर्झबर्ग या दोन संशोधकांनी याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी मिळतं. पण याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे. वरची पातळी एका फुटाने उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं.

रहाटाने पाणी सावकाश निघायचं. दिवसभर जेवढं उपसलं, तेवढं रात्रीतून पाझरून पुन्हा भरायचं. पुढे विजेचे पंप आले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत टँकरने पाणी विकलं जाऊ लागलं आणि अनेक विहिरींचं पाणी मचूळ झालं. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभारलं. पाणी खारं झालं यात विहिरीचा दोष नव्हता. उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला होता, एवढंच.

हे पुस्तक मनाविषयी आहे आणि हे प्रकरण शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या मनाविषयी. तुम्ही आठवी-नववीत असाल, दहावीच्या वर्षात असाल किंवा नुकतेच अकरावीत गेला असाल. तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट मी वर सांगून टाकली आहे. मन खारं होतं, तेव्हा ते बहुतेक वेळा कमकुवतपणामुळे होत नाही. रोज थोडं जास्त उपसलं जातं, रोज थोडं कमी भरलं जातं, आणि वरच्या एका फुटाची घट खोलवर चाळीस फुटांनी जाणवते. म्हणूनच दुरुस्तीही रोजच्या छोट्या गोष्टींतूनच होते. आणि ती एकट्याने करायची नसते.

पोटात कळ का येते?

सकाळची शाळा आहे. आज गणिताची चाचणी. उठल्यापासून पोटात कळ येतेय, घास उतरत नाही, हात गार पडलेत. घरातलं कोणीतरी म्हणतं, "काही झालेलं नाही, शाळा बुडवायला निमित्त शोधतोय."

खरं तर बरंच काही झालेलं असतं. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका ओळखायचा आणि शरीराला जागं करायचं, हे त्याचं काम. वाट अडवणारा साप असो की समोर येणारी प्रश्नपत्रिका, तो फारसा फरक करत बसत नाही. त्याचा इशारा मिळाला, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास जलद होतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं. म्हणून पोट दुखतं आणि घास फिरतो. ती पोटदुखी खोटी नसते. शरीर पळायच्या तयारीत उभं असतं आणि आपण त्याला बाकावर बसवून बेरजा करायला सांगत असतो.

थोडी भीती उपयोगाचीही असते. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट दाखवली: अवघड काम शिकताना ताण अगदी कमी असला तरी काम नीट होत नाही आणि फार वाढला तरी होत नाही. मधल्या पातळीवर ते सर्वांत चांगलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाटणारी धाकधूक तुम्हाला पुस्तकाशी बसवते. तिच्याशी भांडायचं कारण नाही. पण ती महिनोन्‌महिने उतरलीच नाही, तर तो अखंड चालू राहिलेला पंप समजायचा.

तुमच्या वयाची आणखी एक गोष्ट आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग थांबायचं, तोलायचं, पुढचा विचार करायचं काम करतो. तो पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. भावना उसळवणारे भाग मात्र पौगंडावस्थेतच पुरते जागे झालेले असतात. म्हणून या वयात राग झटकन येतो, मैत्रीतली छोटी गोष्ट काळजाला लागते, कोणीतरी हसलं की रात्रभर तेच आठवतं. यात तुमचं काही बिघडलेलं नसतं. मेंदूची वाढ याच क्रमाने होते. तोवर थांबायचं आणि तोलायचं थोडं काम मोठ्या माणसांनी तुमच्या सोबतीने करायचं असतं.

उपसा कुठे होतो?

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची नावं घेतली. म्हणजे दहातली आठ मुलं. वर्गात बसून "माझ्या एकट्याच्याच पोटात गोळा येतो" असं वाटत असेल, तर पुढच्या, मागच्या आणि शेजारच्या बाकाकडे एकदा पाहा.

पण उपसा परीक्षेपुरताच नसतो. निर्मळच्या आसपासच्या घरांत दिवस फार लवकर सुरू होतो. कोणाकडे पहाटे फुलं खुडायची असतात, कारण दादरचा बाजार कोणासाठी थांबत नाही. कोणाचे बाबा नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडतात आणि परत येतात तेव्हा मुलं पेंगुळलेली असतात. शाळा, मग क्लास, मग शाळेचा गृहपाठ, मग क्लासचा गृहपाठ. त्यात वाडीच्या जागी इमारती उभ्या राहताहेत. कालपर्यंत जिथे खेळायचो, तिथे आज पत्रे ठोकलेले दिसतात. ज्यांची घरं नव्याने इथे आली, त्या मुलांची तर शाळा, भाषा आणि मित्र सगळंच बदललेलं असतं.

एक उपसा सहसा कोणी मोजत नाही. तो लाजेचा. आमच्या या पट्ट्यात घरोघरी सामवेदी बोलतात, जिला कादोडीही म्हणतात. कुठे वाडवळी बोलतात, कुठे आगरी, कुठे मांगेली. मी शाळेत असताना एकदा उत्तर देताना घरची बोली तोंडातून निसटली. सगळा वर्ग हसला आणि शिक्षकही हसले. त्यानंतर कितीतरी महिने उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. आज कळतं, की तेव्हा माझी सगळी ताकद एकेक वाक्य मनात तपासून घेण्यात खर्च होत होती. अभ्यासाला उरणार काय? कपड्यांवरून, रंगावरून, जातीवरून, वजनावरून, इंग्रजीवरून चिडवलं जाणाऱ्या प्रत्येक मुलाची ताकद अशीच आत जिरते. बाहेरून तो फक्त "गप्प राहणारा मुलगा" दिसतो.

'टेन्शन' या शब्दात काय काय दडलंय?

मुलांना काय होतंय असं विचारलं, की एकच शब्द येतो: टेन्शन. परीक्षेचं टेन्शन, मैत्रिणीचं टेन्शन, घरचं टेन्शन. एका पोतडीत सगळं कोंबलं, की आत काय आहे ते आपल्यालाही दिसत नाही. मग त्यावर करायचं काय, तेही सुचत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली आणि त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव दिलं, की अमिग्डालाची खळबळ कमी होत होती आणि कपाळामागचा विचार करणारा भाग जास्त कामाला लागत होता. भावनेला नेमकं नाव दिलं, की तिचा जोर थोडा ओसरतो.

आणि नावं द्यायला मराठीइतकी श्रीमंत भाषा हाताशी आहे. काही शब्द पाहा.

धाकधूक: निकाल काय लागेल ते माहीत नसतं, तेव्हाची. तिच्यावर उपाय तयारीचा, आणि तयारी झाली असेल तर वाट पाहण्याचा.

धास्ती: ही एखाद्या ठरावीक माणसाची किंवा जागेची असते. रिक्षातला तो मुलगा, तो एक तास, ते एक घर. धास्ती मनात ठेवायची नसते. ती त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायची असते.

हिरमोड: मनापासून धरलेली गोष्ट झाली नाही. संघात निवड झाली नाही, सहल रद्द झाली. याला थोडा वेळ लागतो, आणि कोणीतरी "हो, वाईट वाटणारच" असं म्हणावं लागतं.

कानकोंडं होणं: चारचौघांत आपण वेगळे पडलो असं वाटणं. याला भाषण नको, शेजारी बसणारा एक सोबती हवा.

चडफड: राग आलाय, पण बोलायची सोय नाही. अन्याय झालेला असेल तर तो मांडायला जागा हवी, नाहीतर हा राग धाकट्या भावंडावर निघतो.

उबग: तेच ते अति झालं. ही आळसाची खूण नव्हे, विश्रांतीची मागणी आहे.

घालमेल: दोन वाटांपैकी कोणती धरावी कळत नाही. कला की विज्ञान, आईचं ऐकू की मनाचं. कागदावर दोन रकाने आखले, की घालमेल निम्म्याने उतरते.

हुरहूर: काहीतरी सुटून चाललंय. दहावीनंतर मैत्रिणी वेगवेगळ्या कॉलेजांत जातात तेव्हाची. तिला उपाय लागत नाही. तिला जागा दिली की पुरे.

प्रत्येक शब्दात त्याचा उपायही दडलेला आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. उबग आलेल्या मुलाला "अजून अभ्यास कर" म्हणणं आणि धास्ती बसलेल्या मुलीला "जरा झोप काढ" म्हणणं, दोन्ही चुकीचं औषध आहे. म्हणून आज रात्री टेन्शन आलं असं वाटलं, तर पोतडी उघडा आणि आत नक्की काय आहे ते एका शब्दात लिहा. तो शब्द तुमच्या घरच्या बोलीत असेल, तर फारच छान. आजीला असे आणखी शब्द माहीत असतील. तिला विचारा. शब्दांसोबत तिच्या लहानपणीची धास्तीही ती सांगेल.

लिहिणं पुढे चालू ठेवता आलं तर आणखी उत्तम. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं होतं. लिहिताना काहींना जास्तच वाईट वाटलं. पण घडलेला प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना असं दोन्ही लिहिणारी मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेली. शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचंही नाही. वाटलं तर नंतर फाडून टाका.

भरणं

बावखल भरतं ते पावसाळ्यात आणि रात्री. मनाच्या भरण्यातही पहिला मान झोपेचा.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, म्हणून दहा वाजता डोळा लागत नाही आणि पहाटे उठवत नाही. त्यात उशाशी मोबाईल असला, की आणखी एक तास गेला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. कारण मुलांची झोप पुरी होत नाही, हेच होतं. मोठ्या वर्गांना ती सवलत नाही, तेव्हा आपली झोप आपणच राखायला हवी. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. आई-बाबांचेही मोबाईल त्याच फळीवर गेले, तर तो टिकतो.

दुसरं, अंग हलवणं. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी एक तासाची हालचाल सुचवते. त्याला महागडी अकादमी लागत नाही. राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर पळा, चर्चच्या किंवा देवळाच्या पटांगणात खेळा, सायकलने निर्मळच्या तलावाला फेरी मारा, वाडीत बादल्या उचला. अंगातून घाम निघाला, की पळायच्या तयारीत उभ्या राहिलेल्या शरीराला पळायला मिळालेलं असतं.

तिसरं, श्वास. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सहा आकडे मोजत बाहेर सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून सोडणं लांबवलं, की शरीराला 'धोका टळला' असा निरोप पोहोचतो. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर, नाव लिहिण्याआधी, पाच वेळा करून पाहा. पहिली ते आठवीच्या शाळांत २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आला आहे. त्यात श्वसनाचे व्यायाम, ध्यान, खेळ यांना जागा आहे. तुमच्या शाळेत तो तास दुसऱ्याच विषयाने खाल्ला असेल, तर आदराने पण स्पष्टपणे तो परत मागा.

आणि चौथं, ज्याचे गुण मिळत नाहीत असं काहीतरी. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळच्या जत्रेत मित्रांसोबत हुंदडणं, नाताळचा गोठा उभारणं, ढोल वाजवणं, मोगऱ्याची वेणी गुंफायला शिकणं. गुणपत्रिकेबाहेरही आपल्याला काही येतं, ही जाणीव वाईट दिवशी फार उपयोगी पडते.

गाळ काढताना

बावखलात पाचोळा कुजतो आणि तळाशी गाळ साचतो. उन्हाळ्यात तो काढून वाडीत टाकायचा, की झाडांना खत होतो. मनाच्या तळाशी असाच जुन्या, न तपासलेल्या विचारांचा गाळ बसलेला असतो.

तो तपासायची एक साधी पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केली. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती अभ्यासली आणि मराठीत रुजवली. या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभा असा: घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही. घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार बसलेला असतो.

समजा, सहामाहीत विज्ञानात शंभरपैकी ४२ गुण पडले. ही घटना. संध्याकाळी मुलगी जेवली नाही, उशीत तोंड खुपसून रडली. ही भावना. मधे काय होतं? "मला नव्वद पडलेच पाहिजेत. नाही पडले म्हणजे मी नालायक आहे. आता सगळं संपलं." हा विचार इतका झटकन येऊन जातो, की तो आला होता हेच कळत नाही. त्याला बाहेर काढून उजेडात धरा आणि तीन प्रश्न विचारा. 'पडलेच पाहिजेत' हा नियम कोणी केला? एका विषयातल्या ४२ गुणांवरून सगळा माणूस मोजता येतो का? खरंच सगळं संपलं, याला पुरावा काय?

उत्तरं शोधली, की विचार बदलतो: "मला चांगले गुण हवे होते, मिळाले नाहीत, वाईट वाटतंय. प्रकाशाचे दोन धडे मला कळलेलेच नाहीत. ते कोणाकडून समजून घेऊ?" दुःख राहतंच. पण आधीच्या विचाराने मुलगी अंथरुणातून उठत नव्हती, या विचाराने ती उद्या कोणाला तरी प्रश्न विचारते. 'हवं' आणि 'पाहिजेच' या दोन शब्दांतला हा फरक आयुष्यभर जवळ ठेवण्यासारखा आहे.

सगळं संपत नाही, हे व्यवस्थेलाही हळूहळू उमगलं आहे. पूर्वी दहावीला नापास झालेल्या मुलांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागे आणि वर्ष हातचं जाई. २०१५ पासून राज्य मंडळाने पुरवणी परीक्षा जुलैमध्ये आणली, ती वर्ष वाचावं म्हणूनच.

मोठ्यांसाठी चार शब्द

हे पान आई-बाबांसमोर आणि शिक्षकांसमोर उघडं ठेवा.

मूल काही सांगायला लागलं, की आपली जीभ शिवशिवते. "आमच्या वेळी तर…", "त्यात काय एवढं?", "त्या अमक्याच्या मुलाकडे बघ." या तीन वाक्यांनी मुलाचं दार बंद होतं. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवावं आणि आधी ऐकून घ्यावं. मग एकच प्रश्न विचारावा: "मी फक्त ऐकू, की आपण मिळून काही करायचं?"

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शाळेत मारण्याला जशी बंदी केली, तशीच मानसिक छळालाही केली आहे. सर्वांसमोर टाकून बोलणं हीसुद्धा इजाच आहे. राज्यातल्या शाळांत तक्रारपेटी ठेवणं आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री' समिती नेमणं यासाठी शासनाचे आदेश आहेत. कोणी नकोसा स्पर्श केला, तसे फोटो मागितले किंवा पाठवले, तर पोक्सो कायदा (२०१२) अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीच्या बाजूने उभा आहे. दोष मुलाचा कधीही नसतो, हे त्याला पहिल्याच वाक्यात सांगावं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असा निर्देश दिला. पालकसभेत गुणांच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा: आपल्या शाळेत ही व्यक्ती कोण आहे आणि मुलांना ती कुठे, कधी भेटते?

मदत कधी आणि कुठे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये उपचारांची गरज पडावी असा मानसिक त्रास आढळला. साठ मुलांच्या वर्गात साधारण चार मुलं. त्या चौघांना चष्मा लागला असता, तर कोणी लपवला नसता.

उदासी, भीती किंवा चिडचिड दोन आठवडे उतरली नाही, झोप आणि भूक बिघडली, आवडत्या गोष्टीतून मन उडालं, मित्रांपासून तोडून घेतलं, स्वतःला इजा करावीशी वाटली, तर या प्रकरणातले घरगुती उपाय पुरेसे नाहीत. तज्ज्ञाची मदत घ्यायची वेळ आली, असं समजावं. जगणं नकोसं झाल्याचा विचार मनात आला असेल, तर दोन आठवडे थांबायचंही नाही. त्याच क्षणी कोणाला तरी सांगायचं. तो विचार असह्य वेदनेतून येतो आणि वेदना कमी करता येते. मदत मिळाल्यावर तो विचार मागे पडला, असं सांगणारी असंख्य माणसं आज आपल्या आजूबाजूला जगत आहेत.

मैत्रिणीने असं काही सांगितलं आणि "कोणाला सांगू नकोस" म्हणाली, तर हे एक गुपित पाळायचं नाही. "तुला मरावंसं वाटतंय का?" असं सरळ, मायेने विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात घातला जात नाही. उलट मनात दाबलेलं बोलायला वाट मिळते. तिच्याजवळ बसा, तिला एकटं सोडू नका आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच बोलवा. मानसिक आरोग्य कायदा (२०१७) आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानतो, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळायचं कारण उरलेलं नाही.

हे नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. १०९८ हा संकटातल्या मुलांसाठीच्या चाईल्ड हेल्पलाइनचा नंबर. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. लोकलने ठाण्याला जाता येत असेल, तर डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे 'आयपीएच', तिथे आहे. मुलांना आणि पालकांना एकत्र बसवून बोलणारी माणसं तिथे भेटतात.

शेवटी

वसईतली बरीच बावखलं आता बुजली. काही ठिकाणी मात्र तरुण मुलंमुली पुन्हा फावडी घेऊन उतरतात आणि उरलेली वाचवायला धडपडतात. बावखल साफ करताना एक जण आत उतरतो, दुसरा घमेलं भरतो, तिसरा काठावरून हात देतो. गाळ अंगावर उडतो आणि कोणी त्याची लाज धरत नाही.

तुमच्या मनाचंही असंच होऊ दे. आत उतरायचं धाडस तुमचं, पण काठावर कोणाचा तरी हात असू दे. आज रात्री झोपण्याआधी एक काम करा. वहीच्या त्याच शेवटच्या पानावर, नंबरांच्या खाली, अशा तीन माणसांची नावं लिहा ज्यांना रात्री दोन वाजताही उठवता येईल. तीन आठवली नाहीत, तर एक लिहा. आणि शेजारच्या बाकावरच्या गप्प मुलाला उद्या सांगा, की तुझ्या वहीत माझं नाव लिही.